धर्माबादच्या उन्हातून लेहच्या बर्फावर : खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा



मागच्या आठवड्यात दहावीच्या वर्गात 'पाण्याचे असंगत आचरण' शिकवत होतो. उदाहरण म्हणून लडाखमधल्या गोठलेल्या तलावावर चालणाऱ्या स्केटिंग शर्यतीचा फोटो दाखवला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे आपल्याला खेळता येतं का, का फक्त तिकडच्याच लोकांना?" सगळा वर्ग हसला. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जाणारं आपलं गाव, मिरची वाळत घालायला आपल्याला ऊन पुरून उरतं, आणि इथून कोण बर्फावर खेळायला जाणार? पण प्रश्न विचारणारी मुलगी हसली नव्हती. तिच्याकडं चाकाचे स्केट्स आहेत, आणि ती संध्याकाळी शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर सराव करते, हे मला नंतर कळलं. तेव्हा हा धडा तिच्यासाठी, आणि तुम्हा सगळ्यांसाठी.

खेलो इंडिया हा केंद्र सरकारचा तळागाळातले खेळाडू शोधण्याचा उपक्रम. त्यातली युवा क्रीडा स्पर्धा तुम्हाला माहीत असेलच. २०१९ साली ती पुण्यात बालेवाडीला झाली आणि महाराष्ट्र पहिला आला. हिवाळी स्पर्धा मात्र २०२० मध्ये सुरू झाली, आणि ती दोन ठिकाणी होते. बर्फाच्या गोठलेल्या पृष्ठभागावरचे खेळ, म्हणजे आइस हॉकी आणि आइस स्केटिंग, लेहला. मोकळ्या भुसभुशीत हिमावरचे खेळ, म्हणजे स्कीइंग, स्नोबोर्डिंग आणि स्की माउंटेनिअरिंग, काश्मीरमधल्या गुलमर्गला. मराठीत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, आणि म्हणून गोंधळ होतो. गोळेवाल्याकडची लादी आणि फ्रीजरच्या भिंतीवर साचणारा पांढरा भुगा, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

आता मूळ प्रश्न. लेहचा तलाव गोठतो कसा, आणि त्यावर माणूस उभा कसा राहतो? बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणीही आकसतं, पण फक्त ४ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याखाली ते उलट प्रसरण पावायला लागतं. म्हणजे ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड, ते तळाशी जातं, आणि त्याहून थंड पाणी हलकं म्हणून वर राहतं. त्यामुळं तलाव वरून गोठतो. बर्फाचा थर तयार झाला की तो उष्णतेचा मंदवाहक म्हणून खालच्या पाण्यावर पांघरुणासारखा बसतो. खाली मासे जिवंत असतात आणि वर मुलं शर्यत लावतात. होपच्या उपकरणाची आकृती तुम्ही पाच गुणांसाठी पाठ करता ना, ती याचीच गोष्ट सांगते. पाणी इतर द्रवांसारखं वागलं असतं तर तलाव तळापासून गोठत आला असता.

दुसरा प्रश्न, बर्फ निसरडा का? जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की स्केटच्या पात्याच्या दाबानं बर्फ वितळतो. दाबानं बर्फाचा द्रवणांक उतरतो हे खरं, पण माणसाच्या वजनानं तो उतरतो फारच थोडा. उणे दहा अंशांच्या बर्फावरही स्केट सहज घसरतं, त्याचं कारण एवढ्यानं भागत नाही. खरी गंमत पृष्ठभागावर आहे. अगदी वरच्या रेणूंना वरून धरून ठेवणारं कुणी नसतं, त्यामुळं ते सैल असतात आणि एक अतिशय पातळ, पाण्यासारखा थर तिथं कायम राहतो. पातं घासलं की घर्षणाची उष्णता त्यात भर घालते.

बरं, मग आपली मुलं यात कुठं आहेत? इथं तुम्हाला आश्चर्य वाटेल. २०२४ च्या स्पर्धेच्या पदकतालिकेत भारतीय सेना पहिली, कर्नाटक दुसरं आणि महाराष्ट्र तिसरा होता. ना कर्नाटकात बर्फ पडतो, ना महाराष्ट्रात. कर्नाटकची भवानी टी. एन. कॉफीच्या मळ्यांच्या कोडगू जिल्ह्यातली, आणि तिनं पदकं मिळवली ती नॉर्डिक स्कीइंगमध्ये. बासर ज्या राज्यात आहे ते आपल्या शेजारचं तेलंगणा, तिथल्या नयना श्री तल्लूरीनं २०२५ ला लेहमध्ये स्पीड स्केटिंगचं सुवर्णपदक घेतलं.

हे शक्य होतं ते चाकांमुळं. इनलाइन स्केटमध्ये चाकं एका रांगेत असतात, त्यामुळं शरीराचा तोल, गुडघ्यातला वाक, पायानं बाजूला रेटा देणं हे सगळं बर्फावरच्या पात्यासारखंच. नॉर्डिक स्कीइंगवालेही उन्हाळ्यात चाकाच्या स्की लावून डांबरी रस्त्यावर पळतात. लूज या खेळात सहा हिवाळी ऑलिंपिक खेळलेला शिवा केशवन तर घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या घाटरस्त्यांवर सराव करायचा. फरक पडतो तो वळणावर आणि थांबताना. शॉर्ट ट्रॅकची एक फेरी अवघी १११.१२ मीटरची. एवढ्याशा वळणात वेग न सोडता आत झुकायचं, तर पातं बर्फात रुतवावं लागतं. ते सिमेंटवर शिकता येत नाही.

आणि इथंच खरी अडचण आहे, ती मी लपवणार नाही. आपल्या जिल्ह्यात बर्फाची रिंक नाही. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी मोठी रिंक बांधली, पण ती कितीतरी वर्षं बंद पडून होती आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे आपल्याकडून जाणाऱ्या मुलीला रेल्वेभाडं, राहणं, पात्याचे बूट, सगळा खर्च आधी करायचा, आणि पदकाचं नंतर बघायचं. शेतमजुराच्या घरी हे कसं जमायचं? 'तळागाळातले' हा शब्द सरकारी कागदावर छान दिसतो, पण तळ कुठं आहे हे तालुक्याच्या गावातून जास्त स्पष्ट दिसतं, असं माझं मत.

शिवाय लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथं हवेचा दाब आपल्या इथल्या दोन तृतीयांशाच्या आसपास. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती न घेता पळायला गेलं की डोकं दुखतं, मळमळतं. चांगले प्रशिक्षक म्हणूनच मुलांना आधी नेतात.

हिमाचंही काही खरं राहिलेलं नाही. २०२५ चा गुलमर्गचा टप्पा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायचा होता. पुरेसं हिमच पडलं नाही म्हणून तो पुढं ढकलला आणि ९ ते १२ मार्चला झाला. ज्या खेळाडूनं वर्षभर त्या चार दिवसांसाठी तयारी केली, त्याचं काय झालं असेल विचार करा. आपल्याकडं पाऊस लांबला की पेरणी लांबते, तसंच हे.

त्या मुलीला मी काय सांगितलं? आधी चाकांवरच वेग वाढव. जिल्हा आणि विभागाच्या शालेय रोलर स्केटिंग स्पर्धेत उतर, प्रमाणपत्रं जपून ठेव. आइस स्केटिंगच्या राज्य संघटनेची निवड चाचणी कधी आणि कुठं असते ते आपण दोघं मिळून शोधू, पत्र मी लिहितो. ज्यांना स्कीइंग शिकायचंय, त्यांच्यासाठी गुलमर्ग आणि मनालीच्या सरकारी संस्थांत साधारण दोन आठवड्यांचे प्राथमिक वर्ग असतात. बारावीनंतरचा विचार म्हणून वहीत लिहून ठेवा.

पुढच्या तासाला येताना घरी एक करून बघा. प्लॅस्टिकची बाटली पाण्यानं तीन चतुर्थांश भरा, पातळीवर पेनानं खूण करा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये उभी ठेवा. काचेची बाटली घेऊ नका, फुटेल. का फुटेल, ते वहीत लिहून आणा. त्या मुलीनं तिचे स्केट्स वर्गात आणायचं कबूल केलंय, तेव्हा चाकं आणि पातं यातला फरक आपण फळ्याऐवजी कोर्टवरच बघू.