पुडीतली भजी आणि शिवारातला खाऊ



लातूर-नांदेडच्या बाजाराला गेलं की मुलांसाठी भजी-शेवेची पुडी येतेच. पण कढईतलं तेल किती वेळा तापलं, हे पुडी सांगत नाही. तेच तेल पुनःपुन्हा तापवले की काळे, चिकट होते व त्यात शरीरास अपायकारक द्रव्ये वाढतात. ती २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास २०१८ पासून कायद्याने बंदी आहे.

घरीही तळणीचे उरलेले तेल पुन्हा तळायला घेऊ नये. एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवावे.

मुलांना ज्वारीच्या लाह्या, सालीसकट फुटाणे, भाजलेल्या शेंगा द्या. पोटात कोंडा जातो, भूक टिकते. आपलंच पिकतं, आपणच का खाऊ नये?