दुखतंय म्हणाला, म्हणजे दुखतंय

बारा वर्षांपूर्वी लग्न करून सोलापूरहून मॉन्ट्रियलला आले. एम.फार्म. झालेलं होतं. वर्षभरात इथल्या एका विद्यापीठाच्या वेदना-संशोधन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले आणि पुढे माणसांवरच्या चाचण्या सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. "तिकडे नेमकं करतेस काय?" असं माहेरी कुणी विचारलं की सांगणं अवघड जायचं. लोकांना थोडं दुखवायचं आणि किती दुखलं ते लिहून घ्यायचं, हे ऐकणाऱ्याला पटकन पचत नाही. पण या खोल्यांमध्ये जे शिकले ते प्रत्येक घराच्या उपयोगाचं आहे, म्हणून लिहितेय.

१. आकडा सांगणाऱ्याचा असतो

आमच्याकडे काडेपेटीएवढी एक चपटी धातूची वडी असते. ती स्वयंसेवकाच्या हातावर बांधायची, काही क्षण तापवायची आणि शून्य ते दहामध्ये किती दुखलं ते विचारायचं. पहिल्याच आठवड्यात सत्तेचाळीस अंशांवर एका मुलीनं "आठ" सांगितलं. अर्ध्या तासानं त्याच तापमानाला एका मुलानं "तीन" सांगितलं. मी वहीत मुलीच्या क्रमांकापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आमच्या वरिष्ठ संशोधक बाईंनी ते पाहिलं आणि खोडलं. म्हणाल्या, "वडीचं तापमान आपण मोजलं. दुखणं तिनं मोजलं. तिच्या मापात चूक काढायला आपल्याकडे दुसरं माप कुठे आहे?"

ते खोडलेलं चिन्ह मी अजून विसरले नाही. जनुकं, झोप, भीती, जुनी दुखापत, सगळ्यांचा हिशेब त्या एका आकड्यात उतरलेला असतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये हेच नोंदवलं: आपल्याला वेदना होते असं कुणी सांगितलं, तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

२. "किती" विचारलंत, आता "कसं" तेही विचारा

मॉन्ट्रियलला वेदनेच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर १९६५ साली 'द्वार-नियंत्रणा'चा सिद्धांत मांडला. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक दार लागतं आणि ते कमी-जास्त उघडतं, असं त्याचं सार. पुढे तपशील बदलले, पण लागल्या जागी चोळलं की बरं का वाटतं, हे त्यातून पहिल्यांदा नीट उमगलं.

याच मेलझॅकनी रुग्णांच्या तोंडचे शब्द वर्षानुवर्षं गोळा केले आणि १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली: अठ्ठ्याहत्तर शब्द, वीस गटांत लावलेले. भाजल्यासारखं दुखतंय की भोसकल्यासारखं, यावरून दुखण्याच्या जातीचा अंदाज येतो. मज्जातंतूचं दुखणं जळजळतं, मुंग्या आणतं, विजेसारखं चमकतं. स्नायूचं दुखणं बहुधा तसं बोलत नाही.

ती प्रश्नावली हाताळताना मला आई आठवायची. तिचे गुडघे दुखतात. फोनवर विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही गं, चालायचंच." एका रविवारी मी वेगळं विचारलं, "आई, ठणकतंय की कळ येते?" ती जरा थांबली आणि मग बोलतच राहिली. सकाळी उठताना आखडलेलं असतं. जिना उतरताना बारीक कळ येते. रात्री ठणका लागतो. पावसाळ्यात नुसती रग असते. कधी आत काहीतरी कुरकुरल्यासारखं होतं. मी घाईघाईनं पाकिटाच्या मागे लिहीत गेले. चमक, उसण, गोळे, मुरडा, ठसठस, चुरचुर, टोचणी, सल: आपल्या भाषेत दुखण्याचे इतके बारकावे आहेत आणि आपण मात्र "दुखतंय" एवढ्यावर थांबतो, कारण पुढचं कुणी विचारत नाही.

३. थांबवायचा हक्क ज्याला दुखतंय त्याचाच

दुसरी एक चाचणी बर्फाच्या पाण्याची. मनगटापर्यंत हात बुडवायचा आणि सोसवेनासा झाला की काढायचा. आम्ही फक्त वेळ मोजायची.

एकदा विशीतला एक मुलगा आला होता. मिनिटभरानं त्यानं ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडे पाहिलं. मी धीर द्यायचा म्हणून म्हटलं, "थोडंच राहिलंय." त्यानं हात तसाच ठेवला. शेवटी बाहेर काढला तेव्हा बोटं लालबुंद झाली होती, आणि तो माझ्याकडे न बघता हात पुसत होता. दुसऱ्या फेरीला तो आलाच नाही.

ही चूक माझी होती. त्याची ती नोंद आम्ही गाळली, कारण त्या मिनिटात त्याची सहनशक्ती मोजलीच गेली नव्हती, मोजला गेला होता त्याचा संकोच. स्वयंसेवकानं केव्हाही, कारण न देता थांबावं, हा नियम संमतिपत्रात पहिल्या पानावर असतो. तो माझ्या चेहऱ्यावर आणि आवाजातही असायला हवा, हे त्या दिवशी कळलं. बाळंतिणीला, इंजेक्शन घेणाऱ्या मुलाला, व्यायाम करणाऱ्या रुग्णाला आपण सहज म्हणून जातो, "थोडंच राहिलंय." म्हणण्याआधी त्यांना विचारावं.

४. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे जास्त वेळ बघा

उंदरांच्या खोलीत मी चार वर्षं काम केलं. जाळीच्या फरशीवर उंदीर ठेवायचा आणि खालून त्याच्या पंजाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवायचा. प्रत्येक तंतू ठरावीक जोरालाच वाकतो. मॅक्स फॉन फ्राय या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे तंतू घोड्याच्या केसांपासून केले होते. उंदरानं पंजा झटकला की नोंद करायची. पण त्याआधी त्याला तिथं रुळू द्यावं लागतं, आणि तोवर आपणही गप्प, स्थिर बसायचं.

हे बसणं वाया जात नाही. मॅकगिलमधल्या जेफ्री मोगिल यांच्या गटानं २०१० साली दाखवलं, की वेदनेत उंदराचा चेहरा बदलतो: डोळे बारीक होतात, नाक आणि गाल फुगतात, कान आणि मिशा वेगळ्या ठेवणीत येतात. त्याच गटाचं २०१४ सालचं काम तर आम्हा सगळ्यांना अंतर्मुख करून गेलं. खोलीत पुरुष असला, किंवा पुरुषानं घातलेला नुसता सदरा असला, तरी त्या वासाच्या ताणानं उंदरांची वेदना दबते. बघणारा बदलला की दुखणंही बदलतं.

बोलता न येणाऱ्याकडे नीट न बघणं माणसांच्या बाबतीतही घडून गेलंय. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांवरच्या शस्त्रक्रियांत पुरेशी भूल न देण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. बाळाला आपल्यासारखं दुखत नाही, असा समज होता. इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं, की नीट भूल मिळालेल्या अकाली जन्मलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि ती शस्त्रक्रियेतून अधिक चांगली सावरतात. बाळं आपल्या परीनं सांगतच होती. विश्वास ठेवणारं कुणी नव्हतं.

५. अर्ध्या जगाला वगळून काढलेलं उत्तर अर्धंच

मोगिल यांनीच २००५ साली या विषयातल्या एका प्रमुख नियतकालिकातले शोधनिबंध चाळले, तेव्हा प्राण्यांवरच्या ७९ टक्के अभ्यासांत फक्त नर वापरलेले आढळले. दीर्घकाळच्या दुखण्याचे रुग्ण मात्र स्त्रियाच अधिक. २०१५ साली निघालं, की मज्जारज्जूतल्या ज्या पेशींवर नर उंदराची वेदना अवलंबून असते, तिथं मादीत वेगळ्याच पेशी काम करतात. "बायकांचं दुखणं नाटकी" असं कुणी म्हणालं की मला हे काम आठवतं. दोष दुखणाऱ्या बाईत नव्हता. तिच्याकडे पाहिलंच गेलं नव्हतं.

६. "मनाचे खेळ" म्हणून कुणाला उडवून लावू नका

दाढ काढलेल्या रुग्णांवरचा १९७८ सालचा एक अभ्यास आम्ही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देतो. औषध नसलेल्या औषधानं ज्यांना बरं वाटलं होतं, त्यांना नॅलॉक्सोन दिलं. शरीरातल्या अफूसारख्या रसायनांचा परिणाम हे औषध रोखतं. ते देताच त्यांचं दुखणं वाढलं. म्हणजे आधीचा आराम भ्रम नव्हता, शरीरानं स्वतःच औषध तयार केलं होतं. विश्वासाला रसायनशास्त्र असतं.

७. दिवसभर वेदना लिहिणाऱ्यांनाही कुणीतरी विचारायला हवं

अभ्यास संपला की उंदरांचा शेवट करावा लागतो. आमचा प्राणिगृहातला सहकारी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बोलत नाही. पूर्वी आम्ही त्याला एकटं सोडायचो. आता कुणीतरी शेजारी बसतं, कॉफी आणतं, गप्प राहतं. पिंजरा बघूनच "या उंदराचं काहीतरी बिनसलंय" हे यंत्राआधी त्यालाच कळतं. ज्याला कळतं, त्याला लागतंही.

गेल्या वर्षी सोलापूरला गेले तेव्हा आईला एका दवाखान्यात "वयोमानानं होणारच" एवढंच ऐकवून परत पाठवलेलं होतं. पाकिटामागचे ते शब्द मी मोठ्या अक्षरात एका कागदावर उतरवून दिले: केव्हा आखडतं, केव्हा कळ, केव्हा ठणका, आणि समोर दहापैकी किती. दुसऱ्या डॉक्टरांसमोर तिनं तो कागद चष्मा लावून सावकाश वाचला. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग गुडघ्याला हात लावून विचारलं, "कळ इथं येते की आतल्या बाजूला?"

आता मी फोन केला की आई "काही नाही गं" म्हणत नाही. परवा म्हणाली, "आज चार. ठणका नाही, नुसती रग आहे." मी ते वहीत लिहून घेतलं.