भट्टीवाल्याचे थडगे : शिल्पाचा अर्थ आणि वाङ्मयीन पुराव्याची मर्यादा

कलाकृती हा समाजाचा आरसा होय, हे विधान आपल्या समीक्षेत इतके रुळले आहे की, तो आरसा धरला कोणी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्राचीन रोमन कलेच्या अर्थनिर्णयनात हा प्रश्न टाळता येत नाही. रोमन समाजाविषयीचे उपलब्ध लेखन बहुतांशी उच्चभ्रूंचे आहे. थडगी आणि शिल्पे मात्र अनेकदा त्या वर्गाबाहेरच्यांची आहेत. लेखनाच्या आधारे शिल्प वाचताना काय घडते, हे एका स्मारकाच्या संदर्भात तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

रोममधील पोर्ता माज्जोरे या वेशीलगत मार्कुस वेर्गिलिउस युरिसाकेस या पावभट्टीवाल्याचे थडगे आहे. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. ३० ते २० च्या सुमाराचा मानतात. पुढे ते वेशीच्या बांधकामात गाडले गेले आणि १८३८ मध्ये तेथील जुने बुरूज पाडताना उजेडात आले. त्याची रचना विलक्षण आहे. खालच्या भागात उभी दंडगोले, वरच्या भागात ओळीने कोरलेली मोठी वर्तुळाकार तोंडे. ही धान्यमापे असावीत असे काही अभ्यासक मानत. पीठ मळण्याच्या यंत्राची ती पिंपे होत, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. माथ्यावरील शिल्पपट्टात धान्य येणे, जनावरांनी फिरवलेली जाती, चाळण, मळणी, भट्टी आणि शेवटी पावाचे वजन, असा सारा क्रम कोरलेला आहे.

लेखही तितकाच लक्षवेधी आहे. हे स्मारक युरिसाकेसचे, तो भट्टीवाला आणि ठेकेदार, एवढे सांगून लेख ‘आपारेत’ या शब्दावर संपतो. ‘उघडच आहे’ असा त्याचा अर्थ घ्यावा, की ‘शासकीय सेवक’ या पदाचे ते संक्षिप्त रूप मानावे, याविषयी मतभेद आहेत. पहिला अर्थ घेतला तर दगडावर एक मिस्कील हसू उमटते. दुसरा घेतला तर तीच जागा पदाच्या नोंदीची होते. त्याची पत्नी आतिस्तिया हिच्या लेखात तिचे अवशेष ‘पावाच्या टोपलीत’ असल्याचे म्हटले आहे.

या साऱ्यात अभ्यासकांना दीर्घकाळ नवश्रीमंत मुक्तदासाची अभिरुचिहीन मिरवणूक दिसली. या वाचनामागे पेत्रोनिउसच्या ‘सातिरिकॉन’मधील त्रिमाल्किओ उभा आहे. हा धनाढ्य मुक्तदास भोजनप्रसंगी आपल्या भावी थडग्यावर काय कोरावे, हे पाथरवटाला सांगतो : शिडे फुगलेली जहाजे, उच्चासनावर बसून थैलीतून पैसे उधळणारा आपण स्वतः. प्रसंग बहारीचा आहे, यात शंका नाही. पण तो उपहास आहे, नीरोच्या दरबारातील मानकऱ्याने लिहिलेला आहे, आणि युरिसाकेसच्या थडग्यानंतर सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांनी. उपहासकाराच्या पात्राला साक्षीदार म्हणून उभे करण्यातील दोष लॉरेन हॅकवर्थ पीटरसन यांनी २००३ मधील लेखात आणि २००६ मधील ग्रंथात स्पष्टपणे दाखवला आहे. किंबहुना युरिसाकेस मुक्तदास होता, हेही लेखात कोठे म्हटलेले नाही. मुक्तदास सहसा आपल्या पूर्वस्वामीचे नाव देत, जन्मतः स्वतंत्र नागरिक पित्याचे. येथे दोन्ही नाहीत. ग्रीक वळणाच्या नावावरून बांधलेले ते अनुमान आहे. संभाव्य असले तरी अनुमानच.

उलट बाजूचा मोहही तितकाच घातक आहे. सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये कारागिरांचे सर्व व्यवसाय हीन ठरवले, कार्यशाळेत कुलीनाला शोभेसे काही असूच शकत नाही असे मत मांडले. तेव्हा हे थडगे म्हणजे त्याला दिलेले श्रमप्रतिष्ठेचे उत्तर, असे म्हणण्याचा मोह होतो. आपल्याकडील साहित्याच्या समाजशास्त्रीय अभ्यासातही उपेक्षितांची प्रत्येक निर्मिती प्रतिकार म्हणून वाचण्याची घाई दिसते. शिल्पपट्ट मात्र बारकाईने पाहावा. त्यात काही आकृती टोगा नेसलेल्या आहेत. टोगा हे नागरिकाचे वस्त्र. ते नेसून कणीक मळता येत नाही. या आकृती हिशेब पाहतात, देखरेख करतात. मळणारे, वाहणारे, भट्टीत पाव सारणारे आखूड अंगरख्यात आहेत. त्यांतील बरेच दास असणे शक्य आहे. टोगाधाऱ्यांपैकी युरिसाकेस कोणता, अधिकारी कोणते, हे शिल्प सांगत नाही. पण वस्त्रांतून पडलेली रेघ दुरूनही दिसते. येथे गौरव आहे तो व्यवसायाचा आणि ठेक्याचा. आणि बहुधा स्वतः दास्यातून वर आलेल्या माणसाने, इतरांच्या दास्यावर उभे राहून, तो कोरून घेतला आहे. मळणाऱ्यांपैकी एकाचेही नाव दगडावर नाही.