टिटवी ओरडू लागली तर

पक्षिनिरीक्षण करताना टिटवी तुमच्याभोवती घिरट्या घालत कर्कश ओरडू लागली, तर थांबा. मार्च ते ऑगस्ट या काळात जवळच तिचे घरटे असण्याचा संभव असतो.

हे घरटे म्हणजे जमिनीवरील एक उथळ खळगा. त्यात बहुधा चार अंडी असतात. मातकट रंगामुळे व काळसर ठिपक्यांमुळे ती खड्यांत मिसळून जातात आणि सहज पायाखाली येऊ शकतात.

नर व मादी आळीपाळीने अंडी उबवितात. भर उन्हात मात्र अंडी तापू नयेत म्हणून ती त्यांवर सावली धरतात. पोटाची पिसे पाण्यात भिजवून अंडी ओलीही करतात. आपण जवळ रेंगाळलो, तर पक्षी घरट्यावर येत नाही. अंडी तापून आतील जीव मरू शकतो. कावळ्यांनाही अंड्यांचा सुगावा लागू शकतो.

म्हणून पायाखाली पाहत आल्या वाटेने मागे फिरा. दूर झाडाआड बसून दुर्बिणीतून पाहा. टिटवी पुन्हा घरट्यावर शांत बसली, की तुमचे अंतर योग्य आहे असे समजा. मगच वही उघडा आणि वेळ, जागा व तिच्या हालचाली टिपा.