दुचाकीचा विमा: पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही

आमच्या घरातल्या सगळ्या गाड्यांचे कागद माझ्याकडे असतात. वडिलांची स्प्लेंडर, बायकोची ॲक्टिव्हा, धाकट्या भावाची युनिकॉर्न. हळूहळू सोसायटीतले लोकही रिन्यूअल आलं की मलाच विचारायला लागले. पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल?" प्रश्न अगदी रास्त आहे. पुण्यात दुचाकी ही चैन नाही, तिच्यावर लोकांची पोटं चालतात, आणि महिनाअखेरीला हजार रुपयेही जड जातात. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

१. थर्ड पार्टीत स्वस्त-महाग असं काही नसतं.

थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा भाग. त्याचा हप्ता विमा कंपनी ठरवत नाही, केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये, १५० च्या वर ३५० पर्यंत १,३६६ रुपये, त्यापुढे २,८०४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. सरकारी कंपनीत जा नाहीतर खासगी, आकडा तोच. त्यामुळे कोणी "थर्ड पार्टी निम्म्यात करून देतो" म्हणाला, तर तिथून सरळ निघावं. तो कागद बनावट असण्याचीच शक्यता जास्त. पॉलिसी हातात आली की थोड्या दिवसांनी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा दिसतो का, तेही बघावं.

इथे पैसे वाचवायचे असतील तर गाडी घेतानाच वाचतात. पल्सर १५० चं इंजिन १४९.५ सीसीचं, म्हणून ती ७१४ मध्ये बसते. युनिकॉर्न १६२.७ सीसीची, म्हणून तिला जवळजवळ दुप्पट. तेरा सीसीसाठी हा फरक दरवर्षी, गाडी असेपर्यंत. शोरूममध्ये मायलेज सगळे विचारतात, हे कोणी विचारत नाही. इलेक्ट्रिक दुचाकीला याच दरात १५ टक्के सूट ठेवलेली आहे.

२. खरी घासाघीस ओडीमध्ये.

ओडी म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. त्याचा दर कंपनीगणिक वेगळा आणि सूटही वेगळी. एकाच गाडीचे तीन-चार कोटेशन मागवले तर फरक लगेच दिसतो. फक्त तुलना करताना आयडीव्ही सारखी ठेवा, कारण पाणी तिथेच मुरतं. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल ती. स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये पुष्कळदा हीच रक्कम गुपचूप दहा हजारांनी खाली आणलेली असते. हप्त्यात वाचतात शे-दीडशे रुपये, आणि गाडी चोरीला गेली की जातात दहा हजार. हा सौदा मी कोणालाच करू देत नाही.

३. पाच वर्षांचा विमा म्हणजे पाच वर्षं सगळं सुरक्षित, असं नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. ओडी मात्र साधारणपणे पहिल्या वर्षाचीच असते. शोरूममधून बाहेर पडताना कानावर पडतं ते "पाच वर्षं बघायला नको", आणि तेवढंच लक्षात राहतं.

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका मुलाची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. तो निर्धास्त होता, फाइल घेऊनच माझ्याकडे आला. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन ओळी होत्या. थर्ड पार्टी २०२७ पर्यंत. त्याच्याच वर, त्याच आकाराच्या अक्षरांत, ओडी २०२३ ला संपलेली. पुराचं नुकसान ओडीतून मिळतं, थर्ड पार्टीतून एक रुपया नाही. तो पोरगा त्या दोन तारखांकडे बराच वेळ बघत राहिला. गाडीचे हप्ते अजून चालू होते. याला एकट्या त्या मुलाला जबाबदार धरणं मला पटत नाही. विकणाऱ्याने वर्ष भरताना एक फोन करायला हवा होता.

गाडी पाण्यात गेली असेल तर आणखी एक: किक मारून किंवा बटण दाबून बघू नका. पाणी ओढून इंजिन बसलं, तर वेगळं इंजिन कव्हर नसेल तेव्हा कंपनी तो खर्च नाकारू शकते. आधी फोटो, मग कंपनीला कळवणं, मग गाडी उचलून गॅरेजला.

४. किरकोळ क्लेम करू नका.

क्लेम न केल्याबद्दल ओडीवर सूट मिळते तिला एनसीबी म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की साधारणपणे परत शून्य. आता हिशेब बघा. समजा सूट धरण्याआधी ओडी १,२०० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला आहात, म्हणजे ६०० भरता. क्लेम केला की पुढच्या वर्षांत क्रमाने १,२००, ९६०, ९००, ७८०, ६६० भरत परत ६०० वर यायचं. बाकी सगळं तसंच राहिलं असं धरलं तरी १,५०० रुपये जास्त गेले. उलट २,००० रुपयांचे प्लास्टिकचे पॅनल बदलले, तर झीरो डेप (म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर) नसताना प्लास्टिकचे निम्मेच पैसे धरतात, वर ठरलेली वजावट. हातात हजारही पडत नाहीत. आरसा, इंडिकेटर, पॅनल यांचे पैसे खिशातून द्या. क्लेम ठेवा चोरीसाठी, पुरासाठी, मोठ्या अपघातासाठी.

आणि एनसीबी ही मालकाची असते, गाडीची नाही. जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर ती नव्या दुचाकीला लावता येते. लोक हजारोंची गाडी विकतात आणि हे पत्र मागायचं राहून जातं.

५. तारीख चुकवली की स्वस्ताई संपली.

ओडी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही तर जमवलेली एनसीबी जाते. मधल्या काळातल्या नुकसानीला कोणी वाली नसतो, आणि गाडीची तपासणीही करून द्यावी लागते. थर्ड पार्टी नसताना पकडलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे १५० सीसीपर्यंतच्या गाडीच्या दोन वर्षांच्या हप्त्याहून जास्त रक्कम एका चौकात.

६. शोरूमची सक्ती ऐकून घेऊ नका.

"साहेब, विमा इथलाच घ्यावा लागेल, नाहीतर पासिंग अडेल." हे मी स्वतः एका शोरूममध्ये ऐकलं आहे. असा कुठलाही नियम नाही. "दादा, मग हे लिहून द्या," असं शांतपणे म्हटलं की बहुतेक वेळा सूर बदलतो. बाहेरचं कोटेशन दाखवलं तर शोरूमवालेही ओडी कमी करतात.

७. मागे बसणाऱ्याचा विचार आधी करा.

दहा वर्षं जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी पुरे, असं सगळे सांगतात. गाडीपुरतं ते बरोबर आहे. पण कायद्याने सक्तीच्या असलेल्या त्या किमान पॉलिसीत मागे बसलेला माणूस धरलेला नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलं आहे. थर्ड पार्टी आणि ओडी एकत्र असलेल्या पॅकेज पॉलिसीत तो धरलेला असतो. रोज सकाळी मुलीला शाळेत सोडणारा बाप, बायकोला स्टेशनवर सोडणारा नवरा, यांनी जुन्या गाडीलाही पॅकेजच घ्यावं. वरचे काहीशे रुपये गाडीच्या पत्र्यासाठी नाहीत, मागच्या माणसासाठी आहेत. इथे मी पैसे वाचवा असं कधीच सांगणार नाही.

८. पीए कव्हर एकदाच, पण नीट.

मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात कव्हर सक्तीचं आहे. एकाच माणसाच्या नावावर दोन गाड्या असतील तर ते दोनदा घ्यायची गरज नाही. १ जानेवारी २०१९ पासून ते वेगळंही घेता येतं. दुसऱ्या गाडीच्या कोटेशनमधून ते काढायला सांगा, तेवढे पैसे सहज वाचतात. मात्र लायसन्सची मुदत संपलेली असेल तर हे कव्हर कामाला येत नाही. आणि नॉमिनीचा रकाना वाचा. कित्येक पॉलिसींवर लग्नाआधीचं नाव तसंच पुढे चालू असतं, काहींवर तर वारलेल्या वडिलांचं. बदलायला पैसे लागत नाहीत, एक अर्ज पुरतो. या रिन्यूअलला तो अर्ज द्याच.