ट्रॅक्टरचे घट्ट बसलेले ऑईल व डिझेल फिल्टर कसे काढावेत?

नांगरट, पेरणी व मळणी ही कामे आता पुष्कळ गावांतून ट्रॅक्टरने होतात. जमिनीला वाफसा येतो ते दिवस मोजकेच असतात. नेमक्या त्याच दिवसांत इंजिन बंद पडले, तर मालकाचे काम अडतेच, शिवाय त्याच्या ट्रॅक्टरवर विसंबून असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांची पेरणीही मागे पडते. इंजिनाचे आयुष्य ऑईल व डिझेल यांच्या स्वच्छतेवर अवलंबून असते आणि ती स्वच्छता राखण्याचे काम फिल्टर, म्हणजे गाळण्या, करतात.

फिल्टर बदलणे हे घरच्या घरी करण्याजोगे काम आहे. परंतु जुना फिल्टर हलत नाही म्हणून केवळ ऑईल बदलावयाचे आणि फिल्टर तसाच राहू द्यावयाचा, असा प्रकार अनेक ठिकाणी आढळून येतो. ही काटकसर महाग पडते. ऑईल फिल्टर तुंबला की इंजिनास ऑईल कमी पडू नये म्हणून आडवाटेची झडप उघडते आणि न गाळलेले ऑईल बेअरिंगांकडे जाऊ लागते. डिझेल पंपाच्या आतील भागांमधील फट तर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पटींइतकीच असते. तेथे बारीक धुळीचा कणही चरे पाडतो.

फिल्टर का अडकतो?

फिल्टर अडकण्याचे मूळ बहुधा तो बसविण्याच्या वेळच्या चुकीत असते. रबरी रिंग कोरडीच बसविली, तर इंजिनाच्या उष्णतेने ती बैठकीस चिकटते. हाताने आवळावयाचा फिल्टर पान्याने आवळला, तर रिंग दबून आटे घट्ट धरतात. ठरलेल्या तासांपलीकडे फिल्टर चालविला, तर रबर कडक होते. याखेरीज आणखी दोन कारणे आहेत. फिल्टरवर तेलकट धूळ बसल्याने हात घसरतो आणि तो घट्ट असल्याचा भास होतो. पुष्कळदा तो चुकून उलट आवळलाही जातो. फिल्टरच्या बंद टोकाकडून पाहिले असता घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरविल्यास तो सैल होतो. खाली लोंबणारा फिल्टर वरून पाहून फिरविणारा माणूस येथे हमखास चुकतो.

पूर्वतयारी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून ब्रेक लावावा व चाकांस दगडाची अटक द्यावी. नवा फिल्टर हाती असल्याखेरीज कामास हात घालू नये. इंजिन सुमारे पाच मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे ऑईल पातळ होते व रिंग नरम पडते. इंजिन नुकतेच कामावरून आले असल्यास मात्र ते निवू द्यावे, कारण तापलेल्या ऑईलने हात भाजतो. फिल्टरभोवतीची माती डिझेलने भिजविलेल्या चिंधीने पुसून काढावी व खाली घमेले ठेवावे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात धरावी. ऑईल सोडण्यापूर्वीच फिल्टर पाव फेरा सैल होतो की नाही, हे पाहावे. तो मुळीच न हलल्यास ट्रॅक्टर जसाच्या तसा मिस्त्रीकडे नेता येतो. आधी ऑईल सोडून बसल्यास ती सोय राहत नाही. ऑईल सोडल्यावर अथवा फिल्टर सैल केल्यावर काही झाले तरी इंजिन सुरू करू नये.

ऑईल फिल्टर काढण्याचा क्रम

१. प्रथम पकड सुधारावी, जोर मागाहून वाढवावा. फिल्टरचा पत्रा पुसून कोरडा करावा व त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोन्ही हातांनी फिरवावा. काचकागदाची खरखरीत बाजू पत्र्याकडे ठेवून धरल्यासही हात घसरत नाही.

२. एवढ्याने न निघाल्यास पट्टा पाना किंवा साखळी पाना वापरावा. पाना फिल्टरच्या मध्यावर न लावता बैठकीच्या जवळ लावावा. तेथे आतून जाड चकती असल्याने पत्रा चेपत नाही. झटके न देता सलग ओढ द्यावी आणि पाना निसटल्यास हात कोठे आदळेल याचा विचार आधी करावा.

३. पाना नसल्यास जुन्या फॅनबेल्टचा किंवा जाड कापडी पट्ट्याचा फास फिल्टरभोवती घालावा. त्याची दोन्ही टोके लोखंडी दांड्यास घट्ट गुंडाळावीत आणि दांडा फिल्टरला टेकवून सैल होण्याच्या दिशेस फिरवावा.

४. फिल्टरमध्ये पेचकस ठोकून तो फिरविण्याची रीत अनेकजण वापरतात. ती टाळावी. पत्रा फाटून हात कापतो, फिल्टर तरीही जागचा हलत नाही आणि भोक पडल्यावर ट्रॅक्टर मिस्त्रीकडे चालवीत नेणेही शक्य राहत नाही. पत्रा फाटून केवळ चकती बैठकीवर उरली असेल, तर तिच्या बाहेरील कडेवर छिन्नी तिरपी धरून हलके ठोके देत ती फिरवितात. बैठकीच्या पृष्ठभागास छिन्नी लागता कामा नये. सवय नसल्यास हे काम जाणकारावर सोपवावे. ज्योत लावून फिल्टर तापविणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे.

जुनी रिंग निघाली का?

फिल्टर हाती आल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. घट्ट बसलेल्या फिल्टरची रिंग पुष्कळदा बैठकीसच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसविल्यास दोन रिंगा एकावर एक येतात. इंजिन सुरू होताच ऑईलच्या दाबाने त्या सरकतात व थोड्याच वेळात सारे ऑईल बाहेर पडते. चालकाच्या हे लक्षात येईपर्यंत इंजिन जाम झालेले असते. फिल्टरच्या किमतीपुढे ही दुरुस्ती कितीतरी पटींनी खर्चाची होते. म्हणून बैठकीवरून बोट फिरवून खात्री करावी व स्वच्छ कापडाने ती पुसावी.

डिझेल फिल्टर

प्रथम टाकीची तोटी बंद करावी. पत्र्याचा एकसंध फिल्टर वरील रीतीनेच निघतो. काही ट्रॅक्टरांत वाटी किंवा डबा मधल्या बोल्टने धरलेला असतो. त्या बोल्टास मापाचा रिंग पानाच लावावा. ढिल्या पान्याने बोल्टाचे कोपरे झिजतात. बोल्ट न हलल्यास गंज सोडविणारे तेल टाकून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. बोल्ट सैल झाल्यावर वाटी चिकटून राहिली, तर लाकडी मुठीने हलके ठोकावे. वरचा भाग बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. वाजवीपेक्षा अधिक जोर केल्यास त्याचे आटे जातात.

नव्या डिझेल फिल्टरमध्ये न गाळलेले डिझेल ओतू नये. तो बसवून तोटी उघडावी, हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा आणि हातपंप दाबीत राहावे. बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक निकष लागू झाले आहेत. त्यांपैकी अनेकांत इंधनाचा दाब फार मोठा असतो. अशा ट्रॅक्टरच्या उच्च दाबाच्या नळ्या घरी सोडू नयेत आणि हवा काढण्याची रीत माहितीपुस्तिकेप्रमाणेच अवलंबावी.

नवा फिल्टर बसविताना

जुन्या व नव्या फिल्टरचे आटे आणि रिंगेचा व्यास जुळवून पाहावा. रिंगेस बोटाने स्वच्छ ऑईल लावावे, फिल्टर हाताने फिरवीत न्यावा आणि रिंग बैठकीस टेकल्यावर आणखी सुमारे पाऊण फेरा हातानेच आवळावा. फिल्टरवर निराळी सूचना छापलेली असल्यास ती पाळावी. पान्याचा उपयोग करू नये. पत्र्यावर तारीख व मीटरवरील तास रंगाने लिहावेत. नवे ऑईल मापाप्रमाणे भरून इंजिन हळू चालवावे. ऑईलच्या दाबाचा तांबडा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो न विझल्यास किंवा गळती दिसल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. सर्व ठीक असल्यास इंजिन थांबवून काही वेळाने पट्टीवर पातळी पाहावी.

जळके ऑईल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये, तसेच जनावरांच्या जखमांस लावू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक टाकाऊ पदार्थांत मोडते. ते डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरमालक व चालक यांना एकत्र बोलावून एका ट्रॅक्टरवर प्रात्यक्षिक दाखवावे. रिंग तपासणे व ती ऑईल लावून हाताने आवळणे या दोन गोष्टी प्रत्येक चालकाकडून स्वहस्ते करवून घ्याव्यात. एक चांगला पट्टा पाना चार-पाच मालकांत मिळून पुरतो. आज योग्य रीतीने बसविलेला फिल्टर पुढील खेपेस विनासायास निघतो आणि वाफशाचा दिवस वाया जात नाही, हे सर्वांच्या मनावर ठसवावे.