आज कोण आलं नाही?

मी गणित-विज्ञानाचा शिक्षक. नोकरीची सुरुवातीची वर्षं साताऱ्याच्या माण तालुक्यात गेली, आता सांगलीच्या विटा भागात आहे. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळं शाळांना कुलूप लागलं, पाठोपाठ ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं सरकारनं जाहीर केलं आणि खडूबरोबर फोनही हातात आला. पुढं शाळा उघडल्या, तरी वर्गाचा ग्रुप काही बंद झाला नाही. गृहपाठ, शंका, व्हिडिओ सगळं तिथंच चालतं. या सगळ्यात जे उमगलं, ते नव्यानं या पेशात येणाऱ्यांसाठी लिहितो.

1. आधी फोन कुणाचा ते विचारा, तासाची वेळ मग ठरवा.
ग्रामीण भारतात ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशी शाळकरी मुलं 2018 मध्ये 36.5 टक्के होती, ती 2021 मध्ये 67.6 टक्के झाली, असं ‘असर’ ही शिक्षणाची पाहणी सांगते. पण घरात फोन आला म्हणजे पोराच्या हातात आला, असं होत नाही. आमच्याकडे तो सकाळीच पप्पांच्या खिशातून रानात जातो, नाहीतर एमआयडीसीत. धारा काढून, डेअरीला दूध घालून माणसं घरी टेकली की तो मोकळा होतो. शिकणारी दोन भावंडं असली की बहुतेक घरांत पहिला नंबर भावाचा. म्हणून मी मुलींना गृहपाठ पाठवायला दुसऱ्या दिवसाची मुदत देतो.

2. साध्या फोनवरही वर्ग भरतो.
माण तालुक्यातल्या विजयनगरच्या झेडपी शाळेतले बालाजी जाधव यांनी लॉकडाऊनमध्ये कॉन्फरन्स कॉल लावून मुलांना गोष्टी सांगितल्या. त्याला ना नेट लागतं ना पडदा. बटणांचा फोन सगळ्यांकडे होता आणि सरांचा आवाज मुलांच्या ओळखीचा होता. महागड्या अ‍ॅपची चौकशी करण्याआधी आपल्या वर्गातल्या सगळ्यात गरीब घरात काय आहे, ते बघावं.

3. वहीचा फोटो मोठा करून बघा.
2020 मध्ये राज्यात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्वाध्याय’ सुरू झाला. दर आठवड्याला प्रश्न यायचे, उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळायचं. सोय चांगलीच होती. पण चूक कुठं झाली, ते वहीत दिसतं. एका मुलीनं 5 − 3² चं उत्तर 14 काढलं होतं. फोटो मोठा केला तर मधली ओळ दिसली: 5 + 9. म्हणजे वजाबाकी तिला येत होती, वर्गही येत होता. तिनं वजा चिन्ह तीनालाच चिकटवलं होतं आणि दोघांचा मिळून वर्ग केला होता. मी व्हॉइस पाठवला, “बाळा, इथं कंस आहे का बघ. कंस नसला तर वर्ग फक्त तीनाचा.” दहा मिनिटांत नवा फोटो आला, उत्तर −4. खाली तिनं स्वतःहून (−3)² आणि −3² शेजारी शेजारी सोडवून दाखवले होते. नुसतं ‘चूक’ एवढंच कळलं असतं, तर तिनं दुसरा पर्याय दाबला असता आणि पुढं गेली असती.

4. ‘समजलं का?’ हे विचारणं सोडा.
ग्रुपवर त्याला पंचवीस अंगठे येतात. त्याऐवजी “आजच्या गणितातली सगळ्यात अवघड पायरी कोणती?” असं विचारा. आणि पहिलं उत्तर आलं की लगेच सोडवू नका. तासभर थांबलं तर निम्म्या वेळा दुसरं पोरगंच सोडवून टाकतं, तेही आपल्यापेक्षा सोप्या भाषेत.

5. ज्याला येतं, त्याच्याकडे वर्ग वळवा.
खानापूर-आटपाडीची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. लॉकडाऊनमध्ये आमच्या दहावीचा एक मुलगा केरळात चुलत्यांकडे अडकला होता. धातुविज्ञानाचा पाठ चालू असताना त्यानं ग्रुपवर विचारलं, “सर, काका तेजाबात सगळं टाकतात, मग सोनं का विरघळत नाही?” मी त्याला म्हटलं, उत्तर नंतर, आधी काका काय काय करतात ते सांग. मग त्याचे एकामागून एक व्हॉइस आले. जुन्या दागिन्यात आधी चांदी मिसळून वितळवायचं, पातळ पत्रे करायचे, नायट्रिक आम्लात टाकायचे. तांबूस धूर निघतो, चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं तळाशी राहतं. धूर कसला, हे दुसऱ्या एकीनं पुस्तकातून शोधलं: नायट्रोजन डायऑक्साइड, विषारी. सोनं अम्लराजात विरघळतं, हे तिसऱ्याला आठवलं. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल एकत्र आलं तरच ते जमतं. एकट्या नायट्रिकला सोनं दाद देत नाही. त्या दिवशी माझं काम फक्त कुणी कुणाशी बोलायचं ते जुळवणं आणि “हे घरी करून बघायचं नाही” असं ठणकावून सांगणं, एवढंच होतं.

जॉर्ज सिमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी 2008 मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातून खुला ऑनलाइन अभ्यासक्रम चालवला, तो याच विचारावर. फी भरलेले जेमतेम पंचवीस, फुकट सामील झालेले दोन हजारांवर. ज्ञान माणसांच्या जोडण्यांत असतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या वर्गात ते आधीपासून होतंच, पण त्या जोडण्या कुणीतरी जुळवाव्या लागतात.

6. बंद करायची वेळही ठरवा.
कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. शाळा बंद असताना हातात आलेला फोन पोरांच्या हातातून सुटेना, त्यावर गावानं काढलेला हा तोडगा. मला त्यातलं पटलं ते असं, की नियम मोठ्यांनाही होता. मालिका बघत बसलेल्या आईनं पोराला ‘फोन ठेव’ म्हटलं तर तो ठेवत नाही. तसंच रात्री अकराला ग्रुपवर गृहपाठ टाकणाऱ्या शिक्षकानं मोबाइलच्या व्यसनावर भाषण देऊ नये.

7. शिक्षकांनीही एकमेकांकडून घ्यावं, पण चाळून.
सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढं बालभारतीच्या पुस्तकांवरही ते आले. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली. आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर वाटावाटी खूप होते, पण बरीचशी न वाचता पुढं ढकललेली. मी स्वतः वर्गात वापरलेलंच पुढं पाठवतो आणि कुठं फसलं तेही दोन ओळींत लिहितो.

8. हजेरी उलटी घ्या.
ऑनलाइन तासाच्या लिंकवर कितीजण आले ते पडद्यावर दिसतं. जे आले नाहीत त्यांची यादी हातानं करावी लागते. मी ती करतो आणि लागोपाठ दोन दिवस नाव आलं की फोन लावतो. कधी रिचार्ज संपलेला असतो, कधी पोरगं मेंढरांमागं गेलेलं असतं, कधी मुलीचं लग्न ठरवायला पाहुणे आलेले असतात. तिन्हीवर उपाय वेगळा, आणि शेवटच्यावर फोनवरून काही होत नाही. गाडी काढून जावंच लागतं.

न आलेल्याच्या दारात जाणं आमच्या भागाला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. शाळेबाहेर कोण राहिलं, हे बघतच ते गावोगाव हिंडले. आता फोनमधलं एआय शाळेतल्या बहुतेक गणितांचं उत्तर देतं आणि तासाभरात शंभरदा न चिडता समजावतं. ते काम त्याला खुशाल करू द्यावं. त्यातून जो वेळ वाचेल, तो न आलेल्यांच्या यादीतल्या घरांसाठी ठेवावा.